‘अभ्यास केला नाहीस तर ट्रक चालवावा लागेल!’ या वाक्यामागचा शंभर वर्षांचा इतिहास



हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलंय. घराप्रमाणे शब्द बदलायचे. कुणाकडे ‘म्हशी राखशील’, कुणाकडे ‘हमाली करशील’, आणि हायवेलगतच्या गावात ‘ट्रकवर क्लीनर म्हणून जाशील’. परदेशात आल्यावर म्हशी मागे राहिल्या, हमाली मागे राहिली. ट्रक मात्र आपल्याबरोबर आला. गणितात मार्क कमी पडले की मराठी घरांत आजही तो बाहेर निघतो.

आज त्या ट्रकमध्ये बसलेल्या माणसाबद्दल थोडं सांगायचं आहे. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक आकडा. अमेरिकेच्या जनगणना खात्याने २०१९ मध्ये ट्रकचालकांची माहिती प्रसिद्ध केली. देशात ३५ लाखांच्या आसपास ट्रकचालक. त्यांचं मध्यवर्ती वय ४६. सगळ्या कामकऱ्यांचं मिळून हेच वय ४१. म्हणजे ट्रकचालक इतरांपेक्षा पाच वर्षांनी मोठा. यातले सगळेच काही विशीत ट्रकवर चढून तिथेच म्हातारे झालेले नाहीत. खूप जण आधी दुसरं काहीतरी होते. कारखान्यात फिटर, सैन्यात हवालदार, दुकानदार, शेतकरी, कधी शिक्षक. चाळिशी-पंचेचाळिशीत काहीतरी तुटलं आणि ते पुन्हा विद्यार्थी झाले. तेव्हा ‘अभ्यास केला नाही म्हणून ट्रक’ हा हिशोब मुळातच चुकतो. यातल्या अनेकांनी ट्रकसाठी अभ्यास केलाय, तोही चष्मा लागल्यानंतरच्या वयात.

पहिले विद्यार्थी: घोडागाडीवाले

अमेरिकेतल्या ट्रकचालकांच्या सर्वांत मोठ्या युनियनचं नाव ‘टीमस्टर्स’. स्थापना १९०३. ‘टीम’ म्हणजे गाडीला जुंपलेली घोड्यांची किंवा बैलांची जोडी, आणि ती हाकणारा तो टीमस्टर. आजही या युनियनच्या बोधचिन्हावर दोन घोड्यांची तोंडं आहेत. रस्त्यावर घोडे उरले नाहीत, चिन्हावर राहिले.

घोडागाडीकडून मोटार-ट्रककडे जाताना विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत एक अख्खी पिढी बदलली. ज्यांचा हात लगामावर बसला होता, त्यांना क्लच आणि गिअर शिकावे लागले. घोड्याला घरचा रस्ता ठाऊक असतो. चालकाला डुलकी लागली तरी घोडा थांबतो, ट्रक थांबत नाही. नव्या यंत्राबरोबर जुन्या माणसाने पुन्हा शिकायचं, ही गोष्ट एआयपासून सुरू झालेली नाही, हे आधी लक्षात घ्या.

जेव्हा ही नोकरी मानाची होती

१९३५ मध्ये अमेरिकेने ट्रक-वाहतुकीवर सरकारी नियंत्रण आणलं. कुणी कुठल्या मार्गावर, कुठला माल, काय दराने न्यायचा, हे सगळं परवान्यावर. आपल्याकडच्या लायसन्स-परमिट राजची आठवण यावी असाच कारभार. नव्या माणसाला धंद्यात शिरणं अवघड, पण जो आत आहे त्याला भरोसा.

त्याच परवान्यांनी एका ट्रकवाल्याचा व्यवसाय बदलला, ती गोष्ट ऐकण्यासारखी आहे. नॉर्थ कॅरोलिनाचे माल्कम मॅकलीन मंदीच्या काळात पेट्रोल पंपावर काम करायचे. एक जुना ट्रक घेऊन त्यांनी सुरुवात केली आणि वीसेक वर्षांत १,७०० हून अधिक ट्रकांची कंपनी उभी केली. बंदरात माल चढवण्या-उतरवण्यात दिवसच्या दिवस जातात, हे त्यांना डाचत होतं. ट्रकची अख्खी पेटीच उचलून जहाजावर ठेवली तर? पण ट्रक आणि जहाजं दोन्ही एकाच्या ताब्यात ठेवायला कायद्याची आडकाठी. तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या या माणसाने ट्रकचा जमलेला धंदा विकला आणि जहाजांचा नवा धंदा शिकायला घेतला. २६ एप्रिल १९५६ रोजी त्यांचं ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ कंटेनर घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं. भारतातून तुमच्याकडे येणारा तांदूळ, मसाले, पापड आज ज्या कंटेनरमधून येतात, त्याची सुरुवात ती.

त्याच १९५६ साली आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला. ४१ हजार मैलांचं जाळं विणायचं ठरलं. १९६४ मध्ये टीमस्टर्सचे अध्यक्ष जिमी हॉफा यांनी देशभरच्या सुमारे चार लाख ट्रकचालकांसाठी एकच वेतन-करार घडवून आणला. हॉफांवर गुन्हेगारांशी संबंधांचे आरोप झाले, ते तुरुंगात गेले, १९७५ मध्ये जे बेपत्ता झाले ते सापडलेच नाहीत. तो वेगळा विषय. पण त्या कराराने ट्रकचालकाला घर, गाडी, पेन्शन आणि मुलाच्या कॉलेजची फी परवडू लागली, हेही खरं. त्या काळी एखाद्या बापाने ‘माझा मुलगा ट्रक चालवतो’ असं सांगितलं, तर त्यात कमीपणा नव्हता.

दोन दारं एकाच वेळी: एक बंद, एक उघडं

आता १९७७ वर या. १९ सप्टेंबर १९७७, सोमवार. ओहायोतल्या यंग्सटाउन शहराजवळचा मोठा पोलाद कारखाना बंद करत असल्याचं कंपनीने जाहीर केलं. सुमारे पाच हजार नोकऱ्या गेल्या. त्या भागात तो दिवस आजही ‘काळा सोमवार’ म्हणून ओळखला जातो. पाठोपाठ आजूबाजूचे कारखानेही बंद पडत गेले. आजोबा, बाप, मुलगा अशा तीन पिढ्यांनी भट्टीवर काम केलेली घरं होती ती.

हे वाचताना तुम्हाला लालबाग-परळ आठवलं असेल. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, विरत गेला. गिरण्या बंद पडल्या आणि चाळिशीतला साचेवाला, जॉबर, वायंडिंगवाली बाई रस्त्यावर आली. कुणी वॉचमन झालं, कुणी भाजीची गाडी लावली, कुणी टॅक्सीचा बॅज काढला, कुणी कोकणात किंवा घाटावर परत गेलं. १९८६ मध्ये केंद्र सरकारने बंद गिरण्यांच्या कामगारांसाठी पुनर्वसन निधी योजना आणली. पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५. नंतर आपलं आपण बघायचं. तुमच्यापैकी काहींच्या घरात ही गोष्ट पुस्तकातली नसेल, आजोबांची असेल.

अमेरिकेत मात्र त्याच सुमारास दुसरं दार उघडलं. १ जुलै १९८० रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी ट्रक-वाहतुकीवरची बहुतेक बंधनं उठवणाऱ्या कायद्यावर सही केली. परवान्याची अडचण संपली. १९८० मध्ये सुमारे १८ हजार वाहतूक कंपन्या होत्या, दहा वर्षांत त्या ४० हजारांच्या पुढे गेल्या. भाडी उतरली, दुकानातल्या वस्तू स्वस्त झाल्या. आणि कंपन्यांना ड्रायव्हर हवे झाले, पुष्कळ, लगेच आणि स्वस्तात.

एकीकडे कारखान्यांनी सोडलेले पंचेचाळिशीचे कामगार, दुसरीकडे ड्रायव्हर शोधणाऱ्या नव्या कंपन्या. दोघांची गाठ पडायलाच हवी होती. पण गोम अशी की ज्या कायद्याने दार उघडलं, त्यानेच आतली खोली लहान केली. युनियनचं बळ ओसरलं, आणि महागाई वजा केली तर ट्रकचालकाची कमाई पुढच्या पंधरा वर्षांत ठळकपणे घसरली. मायकेल बेल्झर हे अर्थतज्ज्ञ पूर्वी स्वतः ट्रक चालवायचे. त्यांनी २००० साली यावर पुस्तक लिहिलं आणि नावातच ट्रकला चाकांवरचा घामाचा कारखाना म्हटलं.

शाळा निघाल्या

१९८६ पर्यंत अमेरिकेत अवजड वाहनाच्या लायसन्सचा सगळीकडे एकच असा नियम नव्हता. काही राज्यांत साध्या मोटारीच्या लायसन्सवर अठरा चाकी ट्रक चालवता यायचा. एका राज्यात लायसन्स रद्द झालं की दुसऱ्या राज्यातून काढायचं, असेही प्रकार चालायचे. १९८६ च्या कायद्याने व्यावसायिक चालकांसाठी वेगळं लायसन्स आणलं. तेच आजचं ‘सीडीएल’. १ एप्रिल १९९२ पासून ते सगळीकडे सक्तीचं झालं.

परीक्षा आली की क्लास येतो, हे मराठी माणसाला सांगायला नको. ट्रक-शाळा निघाल्या. काही खासगी, काही कम्युनिटी कॉलेजात, काही वाहतूक कंपन्यांच्याच. परदेशी मालामुळे ज्यांची नोकरी गेली त्यांना प्रशिक्षण आणि शिकतानाचा भत्ता देणारी सरकारी योजना १९६२ पासून होती, १९७४ मध्ये ती मोठी झाली. १९९४ च्या नाफ्टा करारानंतर कापड, फर्निचर, वाहनांचे सुटे भाग असे कारखाने बंद पडले, तेव्हा तिथल्या कामगारांसमोर कोर्सची यादी ठेवली जायची आणि त्यात ट्रक असायचा. कारण साधं होतं. नर्सिंगला दोन वर्षं लागतात, ट्रकला काही आठवडे. घराचा हप्ता दोन वर्षं थांबत नाही.

पंचेचाळिसाव्या वर्षी नेमकं काय शिकतात?

‘गाडी तर येतेच, फक्त मोठी’ असं वाटत असेल तर थोडं थांबा.

मोटार मागे घेताना स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की मागची बाजू उजवीकडे जाते. ट्रेलर जोडला की उलट होतं. ५३ फुटांचा ट्रेलर उजवीकडे न्यायचा तर सुरुवातीला स्टिअरिंग डावीकडे. वीस-पंचवीस वर्षं मोटार चालवलेल्या हाताला हे नव्याने शिकवावं लागतं, आणि जुनी सवय आड येते. विशीतला पोरगा इथे पुढे जातो, कारण त्याला विसरायचं कमी असतं.

मग निघण्यापूर्वीची तपासणी. ट्रकभोवती फिरत एकेक भाग हात लावून दाखवायचा आणि तो तुटलेला, गळका, सैल नाही हे मोठ्याने म्हणायचं. होज, बेल्ट, स्प्रिंग, ब्रेक चेंबर, टायर, दिवे, ट्रेलरची जोडणी. पाढे म्हणावेत तसं. बरेच जण इथेच अडखळतात. इंजिनाची माहिती नसते असं नाही, पण परीक्षकासमोर पाठांतर म्हणायची सवय शाळेनंतर सुटलेली असते. नंतर एअर ब्रेकची चाचणी. भरलेल्या ट्रकचं वजन ८० हजार पौंडांपर्यंत, म्हणजे ३६ टनांच्या आसपास. ते थांबवायला फुटबॉलच्या मैदानाएवढं अंतर लागतं. महामार्गावर ट्रकच्या पुढ्यात घाईने शिरू नका, असं सोळा वर्षांच्या मुलाला शिकवताना हे सांगा.

पंचेचाळिशीतली खरी परीक्षा डॉक्टरकडे असते. रक्तदाब, नजर, ऐकणं, साखर, झोपेत श्वास अडकतो का. वैद्यकीय दाखला जास्तीत जास्त दोन वर्षांचा, आणि त्यासाठी रक्तदाब १४०/९० च्या खाली लागतो. इन्सुलिन घेणाऱ्यांना २०१८ पर्यंत खास सूट मागावी लागायची. आता साखर ताब्यात असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं तर दाखला मिळू शकतो. आपल्या वयात आणि आपल्या घराण्यांत या तीन-चार गोष्टी किती सर्रास आहेत, ते तुम्ही जाणताच.

उचल

आता या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा भाग.

मोठ्या कंपन्या जाहिरात करतात, ‘शिका फुकट’. तुमच्या खिशातून काही जात नाही, पण कागदावर सही होते. शिकवणीचा खर्च इतके हजार डॉलर. वर्षभर किंवा जास्त काळ आमच्याकडे काम केलंत तर माफ. आधी सोडलंत तर भरा.

बीड-नगरकडच्या वाचकांना हा व्यवहार चेहऱ्याने ओळखता येईल. ऊसतोडीला जाण्याआधी मुकादमाकडून घेतात ती उचल. पैसे आधी मिळतात आणि हंगाम त्यांच्या फेडीत जातो. मध्येच सोडता येत नाही. फरक इतकाच की इथे हातात कोयत्याऐवजी स्टिअरिंग आहे. आणि गंमत बघा, ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक ‘कोयता’ धरतात. अमेरिकेतही मध्यमवयीन जोडपी जोडीने ट्रक चालवतात. नियमाप्रमाणे एका चालकाला दिवसात ११ तासच चालवता येतं, मग दहा तास सुट्टी. दोघं असली की एक झोपतं, दुसरं चालवतं, ट्रक थांबत नाही.

स्टीव्ह व्हिसेली या समाजशास्त्रज्ञाने अभ्यासासाठी स्वतः सीडीएल काढलं, ट्रक चालवला, शंभराहून अधिक चालकांशी बोलला आणि २०१६ मध्ये ‘द बिग रिग’ हे पुस्तक लिहिलं. लांब पल्ल्याच्या मोठ्या कंपन्यांत वर्षभरात जवळपास सगळे चालक बदलतात इतकी गळती असते. दर १०० जागांमागे ९० च्या आसपास माणसं वर्षात सोडून गेली, अशी या धंद्यात अनेक वर्षं होती. मग शाळा कशाच्या जोरावर चालतात? सोडून जाणाऱ्यांच्या जागा भरायच्या असतात, म्हणून.

लोक का सोडतात? पैसे मैलावर मिळतात. गोदामाबाहेर माल उतरण्याची वाट बघत पाच तास थांबलात, तर ते पाच तास बहुतेकदा फुकट. शिवाय १९३८ च्या कामगार कायद्याने दिलेला दीडपट ओव्हरटाइम बहुसंख्य ट्रकचालकांना लागूच नाही. त्यातून काही कंपन्या म्हणतात, ट्रक तुमच्याच नावावर घ्या, हप्ते पगारातून कापू, तुम्ही ‘मालक’ व्हाल. असे मालक आठवड्याच्या शेवटी हातात काहीच न उरलेले, कधी तर उलट देणं लागत असलेले आढळले. असं एक प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. कंपनीचं म्हणणं, हे नोकर नाहीत, कंत्राटदार आहेत, आणि करारानुसार वाद न्यायालयात न नेता लवादापुढेच सोडवायचा. १५ जानेवारी २०१९ रोजी सर्व आठ न्यायमूर्तींनी एकमताने चालकाच्या बाजूने कौल दिला. कागदावर काहीही नाव दिलं तरी वाहतूक कामगाराला त्या कायद्याखाली लवादात ढकलता येणार नाही.

म्हणजे इतिहास बघितला तर असं दिसतं. पंचेचाळिशीत ट्रकवर बसलेला माणूस तरला की बुडाला, हे त्याच्या हिमतीवर किंवा वयावर फारसं ठरलं नाही. हिंमत सगळ्यांकडेच होती. ठरलं ते तीन गोष्टींवर: शिकवणीचे पैसे कुणी भरले, थांबलेल्या तासाचे पैसे कुणी दिले आणि ट्रकचं कर्ज कुणाच्या नावावर होतं.

शिकण्याचे तास आणि सोळा जीव

कॅनडातल्या वाचकांना ६ एप्रिल २०१८ ही तारीख आठवत असेल. सस्कॅचवनमध्ये हम्बोल्ट ब्रॉन्कोज या हॉकी संघाची बस आणि एक ट्रक यांची टक्कर होऊन सोळा जण गेले, बहुतेक कोवळ्या वयाचे खेळाडू. ट्रकचालक भारतातून आलेला तरुण होता. कामावर जेमतेम दोन-तीन आठवडे झाले होते. थांबण्याची पाटी ओलांडून तो पुढे गेला होता. त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला, त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. ऑन्टारिओने २०१७ पासूनच किमान १०३.५ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं केलं होतं. सस्कॅचवनमध्ये मात्र तशी सक्ती त्या अपघातापर्यंत नव्हती. २०१९ मध्ये तिथे १२१.५ तासांचा नियम आला.

अमेरिकेने ७ फेब्रुवारी २०२२ पासून मान्यताप्राप्त शाळेतून शिकणं सक्तीचं केलं, पण किमान तास ठरवले नाहीत. शिकवणाऱ्याने ‘आला’ म्हटलं की आला. म्हणून स्वस्त आणि झटपट शाळा आजही मिळतात. नवशिक्याला वाटतं, पैसे वाचले. त्याची किंमत रस्त्यावरच्या कुणालाही मोजावी लागू शकते.

ब्रिटनमधल्या मंडळींनी या प्रश्नाची दुसरी बाजू पाहिली आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये तिथे पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. पेट्रोल होतं, ते पंपापर्यंत आणणारे चालक नव्हते. ब्रेक्झिटनंतर युरोपातले चालक परतले होते, महामारीत परीक्षा बंद होत्या, आणि असलेल्या चालकांचं सरासरी वय पन्नाशी ओलांडलेलं. सरकारने लॉरीचं लायसन्स असलेल्या जवळजवळ दहा लाख लोकांना पत्रं लिहिली, ‘परत या’. नव्यांसाठी मोफत प्रशिक्षणवर्ग काढले. एरवी लॉरीवाल्यांकडे ढुंकूनही न बघणारा देश तेव्हा त्यांची वाट बघत होता.

मग आज?

ट्रक हा काही कायमचा आसरा नाही, हेही सांगितलं पाहिजे. १९२४ मध्ये ओक्लाहोमा सिटीत सुरू झालेली ‘यलो’ ही वाहतूक कंपनी ३० जुलै २०२३ रोजी बंद पडली. सुमारे ३० हजार नोकऱ्या गेल्या. त्यातल्या २२ हजारांच्या आसपास लोक टीमस्टर्सचे सदस्य होते. २०२५ च्या वसंतात डॅलस-ह्यूस्टन मार्गावर चालकाविना मालवाहू ट्रक धावू लागले. घोडागाडीवाल्यांपासून सुरू झालेली गोष्ट पुन्हा पहिल्या पानावर येते आहे.

आणि तरी आपल्या लोकांतले काही जण आज याकडे वळतात. आयटीतले ले-ऑफ तुम्ही बघताय. पन्नाशीत शंभर अर्ज करून एकही फोन न आलेला माणूस तुमच्या ओळखीत असेल. पंजाबी समाजाने कॅलिफोर्नियापासून ब्रॅम्प्टनपर्यंत या धंद्यात एकमेकांचा हात धरून पाय रोवले. आधी आलेला नंतर आलेल्याला शिकवतो, महामार्गावर ढाबे आहेत, रात्री फोनवर बोलायला माणसं आहेत. आपल्याकडे तसं जाळं नाही. म्हणून मराठी माणूस यात एकटा उतरतो, आणि बऱ्याचदा नातेवाइकांपासून लपवून उतरतो. काम अवघड आहेच. ते लपवावं लागणं त्याहून अवघड.

तुमच्या घरात किंवा मित्रांत कुणी असा विचार करत असेल, तर एवढं विचारायला सांगा:

१. आधी डॉक्टर, मग फी. दाखला मिळणार नसेल तर शाळेचे पैसे वाया.
२. शिकवणीचा खर्च कोण करतंय? मध्येच सोडलं तर किती भरायचे? करार घरी आणून वाचा, तिथल्या तिथे सही नको.
३. थांबलेल्या तासांचे पैसे मिळतात का? महिन्यात किती रात्री घरी?
४. ‘ट्रक तुमच्या नावावर’ ही योजना पहिल्या वर्षी तरी नकोच.
५. लांब पल्लाच हवा असं नाही. शहर बस, स्कूल बस यांनाही सीडीएल लागतं. अनेक शहर बससेवा पगार देऊन शिकवतात आणि रात्री घरी येता येतं. मुलं शाळेत असतील तर हा विचार आधी करा.
६. व्हिसा बघा. एच-१बी वर हे काम करता येत नाही, आणि नोकरी गेल्यावर साधारण ६० दिवसांचीच मुदत असते. तात्पुरत्या व्हिसावरच्यांसाठी सीडीएलचे नियम २०२५ पासून कडक झाले आहेत. इंग्रजी समजण्या-बोलण्याची अटही आता काटेकोरपणे तपासली जाते.

अमेरिकेत २०२४ मध्ये अवजड ट्रकचालकाची मध्यवर्ती कमाई वर्षाला सुमारे ५७ हजार डॉलर होती. श्रीमंती नाही, उपासमारही नाही. ज्याच्यावर घराचा हप्ता आहे, त्याला या दोहोंमधलं अंतर चांगलं कळतं.

आणि मुलांना काय सांगायचं?

आपल्या मुलांच्या वर्गात ट्रकचालकाचा मुलगा किंवा मुलगी आहे. ते मूल त्याच बाकावर बसून तेच गणित सोडवतंय. आपण घरात जे वाक्य म्हणतो, ते आपलं मूल शाळेत घेऊन जातं, आणि कुणाच्या तरी बापाबद्दल मनात ठेवतं.

दुसरं म्हणजे, उद्या आपल्यापैकीच कुणाची नोकरी गेली आणि पन्नाशीत पुन्हा वही-पेन घेऊन बसावं लागलं, ट्रकसाठी म्हणा, नर्सिंगसाठी म्हणा, तर ते मूल आपल्याकडे कसं बघेल, हे आपण आजच ठरवतोय. ‘बाबा हरले’ असं, की ‘बाबा शिकतायत’ असं. मुलांना आपण वर्षानुवर्षं जे ऐकवलं, त्यानेच ती आपल्याला मोजतील.

अभ्यास कर, असं जरूर सांगा. पण धाक म्हणून ट्रक नको. पुढच्या लांबच्या प्रवासात विश्रांतीच्या जागी ट्रकांची रांग दिसेल. रात्री नऊ-दहाला इंजिनं बंद करून चालक झोपायच्या तयारीत असतात. तेव्हा मुलांना सांगा की नियमाप्रमाणे त्यांना आता दहा तास थांबायचं आहे. यांतला कुणी वर्षभरापूर्वी दुसऱ्याच गावात दुसरंच काम करत असेल. आणि आपल्या डब्यातल्या पोळीचं पीठ यांच्यापैकीच कुणीतरी दुकानापर्यंत आणलेलं आहे.

तुमच्या ओळखीत चाळिशीनंतर असं नवं काम शिकलेलं कुणी असेल, तर त्यांना ही पोस्ट नक्की पाठवा. आणि जमलं तर या रविवारी जेवायला बोलवा.